चार वाव पाण्याखालचा बाक

रविवार, १४ मार्च १९७१. तीन दिवस घोंघावणारा उत्तरेचा वारा पहाटे पडला. नऊच्या मिस्सेला गेले. दुपारी बाल्दिरी जेवायला. माकुलं घालून वाटाणे केले. समुद्रात घुसलेल्या टोकावर नगरपालिका प्रवाशांसाठी कट्टा बांधणार आणि त्यासाठी सांत रोमाच्या चर्चमागचा एकटा पाइन तोडणार, असं जासिंतने सांगितलं. बाल्दिरीने अर्धं ताट तसंच टाकलं. चादरी वाळल्या.

ही माझ्या वहीतली नोंद; जासिंत माझा नवरा. माझ्या भावाने, बाल्दिरीने, ताटात अन्न टाकलेलं त्याआधी मी एकदाच पाहिलं होतं. १९४९ साली, बाबा गेले त्या दिवशी.

बाल्दिरी माझ्याहून चार वर्षांनी मोठा. लग्न केलं नाही. आमच्या ब्रुगेरा गावच्या धक्क्यावर जी सगळ्यात जुनी होडी बांधलेली असे, ती त्याची, आणि त्याआधी बाबांची. जून लागला की तो आमचा राहत नसे, पाहुण्यांचा होई. सकाळी सहा जणांना घेऊन घंटेच्या गुहेत जायचा. तोंडाशी इंजिन बंद करून वल्ह्यांनी आत शिरायचा आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करायचा. आत खोलवर लाट आपटली की खडक घंटेसारखा वाजतो. तो नाद ऐकून एक डच बाई रडली होती, तर हा तिला म्हणाला, "रडू नका बाई, होडीत आधीच पाणी आहे." तिला एक अक्षर कळलं नाही, पण हसली.

समुद्र खवळलेला असला की तो त्यांना किनाऱ्याच्या पायवाटेने चालवत न्यायचा. पूर्वी चोरटा माल पकडायला शिपाई गस्त घालत ती ही वाट. एका छोट्या खाडीतून चढून दुसऱ्या खाडीत उतरते. पायात दोरीच्या तळव्याच्या चपला, खांद्यावर पाव, टोमॅटो आणि चोचीच्या काचपात्रातली वाइन. ते पात्र हातभर उंच धरून धार तोंडात घ्यायची असते. पाहुणे ती सदऱ्यावर घेत. हा गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "शाबास, आता सदऱ्याची तहान भागली, स्वतःची भागवा." त्यांच्या मुलांना तो खडकावरून सूर मारायला शिकवायचा. संध्याकाळी वाळूत लोखंडी भांडं मांडून बटाटे घातलेला माशांचा रस्सा करायचा आणि लसूण कुटून त्यात तेल घोटायचं काम सगळ्यात तक्रारखोर पाहुण्याला द्यायचा.

"घर दाखवावं तसा समुद्र दाखवतो मी," तो म्हणायचा. "सगळ्या खोल्या उघड्या. एक सोडून."

ती एक खोली म्हणजे बाक.

टोकापासून मैलभर आत, खोल पाण्यात, एक खडक तळापासून सरळ वर येतो आणि वरती सपाट होतो. आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीएवढा असेल. त्याच्यावर चार वाव पाणी, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. चहूबाजूंनी लाल पंख्यांसारखं पोवळं, आणि कपारीतून हेकरू मासे, एकेक मेंढराएवढा. आमच्या पणजोबांना तो सापडला. असं काहीतरी तिथे आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण कुठे, ते आमच्या घरातल्या एकाच माणसाला.

पाण्यावर जागा कशी ओळखायची? जमिनीवरच्या दोन गोष्टी एका रेषेत आल्या की एक खूण, दुसऱ्या बाजूला आणखी दोन एका रेषेत आल्या की दुसरी. दोन्ही खुणा एकदम जुळल्या की होडी जागेवर. एकच माहीत असेल तर माणूस त्या रेषेवर आयुष्यभर वरखाली करील आणि त्याला नुसतं पाणी दिसेल. आमच्याकडे खूण बापाने मुलाला द्यायची, तीही होडीत, त्या जागेवर. जमिनीवर बोलायची नाही. बायकोला सांगायची नाही. लिहायची तर नाहीच. बाबा बाकाकडे निघाले आणि दूर कोणाचं शीड दिसलं, की ते सरळ दुसरीकडे जात आणि रिकाम्या टोपल्या घेऊन घरी येत.

बाल्दिरीला त्यांनी खूण दिली तो दिवस मला पाठ आहे. २१ मे १९३६, स्वर्गारोहणाचा सण. समुद्रावर एकही होडी नाही, म्हणून बाबांनी तोच दिवस धरला. त्यांचा खांदा दुखत होता आणि वल्ह्यावर दुसरं माणूस हवं होतं. गडी सणाला घरी गेलेला. म्हणून मला घेतलं. मी बारा वर्षांची. टोकाबाहेर आल्यावर बाबांनी वल्ही थांबवायला सांगितली आणि मला म्हणाले, "रेमेई, डोळे मिट आणि गा."

"काय गाऊ?"

"सिस्टर शिकवतात ते. मोठ्याने. मी थांब म्हणेपर्यंत."

मी डोळे मिटले आणि मारियामातेचं गीत गायला लागले. मागे बाबा बाल्दिरीच्या कानाशी बोलत होते. दुसरं कडवं संपलं आणि माझा श्वास संपला. तिसरं सुरू करायला मला एक क्षण लागला. त्या एका क्षणात मला बाबांचं एक पूर्ण वाक्य ऐकू आलं: पाइन चर्चच्या दारावर, घंटेचा मनोरा बहिणींच्या फटीत. मग मी पुन्हा गायला लागले, आधीपेक्षा मोठ्याने.

बाबा घरी येताना म्हणाले, "पोरीचा आवाज चांगला आहे." बाल्दिरी म्हणाला, "मासे पळाले."

त्या वर्षी सिस्टर असुम्प्ताने आम्हा मुलींना निळ्या पुठ्ठ्याची एकेक वही दिली होती. रोज संध्याकाळी लिहायचं. काय वाटलं ते नाही, काय घडलं ते. मी आज्ञाधारक होते. त्या संध्याकाळी जे घडलं ते लिहिलं, ऐकलेलं वाक्यसुद्धा. लिहून झाल्यावर मला कसलीही भीती वाटली नाही. उलट प्रामाणिकपणा केल्यासारखं वाटलं.

पुढे युद्ध आलं. बाल्दिरी अठराव्या वर्षी लढायला गेला आणि बाविसाव्या वर्षी परत आला, दात दोन कमी, बोलणं अर्ध्यावर. आल्यावर तिसऱ्या दिवशी तो पहाटे एकटाच होडी घेऊन गेला आणि एक हेकरू घेऊन आला, तेव्हा बाबा दारात उभे राहून लहान मुलासारखे रडले. माझं लग्न जासिंतशी झालं. तो बुचांच्या कारखान्याच्या कचेरीत होता, हसरा, बोलण्यात चटपटीत. दर शुक्रवारी सकाळी आमच्या मागच्या दाराच्या आकड्याला ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक मासा लटकत असे. बाल्दिरी दार वाजवत नसे. एकोणतीस वर्षांत एक शुक्रवार चुकला नाही; वादळ असलं तर निदान मूठभर शिंपले.

आता त्या पाइनकडे येते.

बाल्दिरी रविवारच्या कोटात नगरपालिकेत गेला. काय झालं ते मला पावाच्या दुकानात कळलं. सचिवाने त्याला विचारलं, "झाड का तोडायचं नाही?"

"चांगलं झाड आहे."

"अहो, ब्रुगेरात पाइन किती आहेत ठाऊक आहे?"

"मोजले नाहीत."

"मग एक कमी झाला तर कळणार कसा तुम्हाला?"

"मला कळेल," म्हणाला आणि टोपी घालून निघून आला.

कॅफेत तर चेष्टेला ऊतच आला. किम न्हाव्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, त्या झाडाखाली कुठल्या जर्मन बाईला वचन देऊन बसलायस?"

"दिलं असतं तर तिलाच नगरपालिकेत पाठवलं असतं," बाल्दिरी म्हणाला. "जर्मन बाईचं ऐकतात ते."

हसून घालवलं, पण त्याची झोप गेली होती. पाइन तुटला की पहिली खूण गेली आणि बाक गेला. झाड वाचवायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं तरी बाक गेला. दोन आठवडे तो हे डोक्यात घेऊन फिरत होता. शेवटी एका दुपारी आमच्याकडे आला. जासिंत तेव्हा नगरपालिकेचा सभासद होता. मी शेंगा सोलत होते. बाल्दिरी बसला नाही.

"जासिंत, तू सभेत बोल."

"बोलतो की. काय बोलू? माझा मेव्हणा झाडाच्या प्रेमात पडलाय?"

"चेष्टा नको."

"मग कारण दे, मेव्हण्या. खोटं दे, पण दे. रिकाम्या हाताने मी महापौरासमोर उभा राहू का?"

बाल्दिरी बराच वेळ टोपी फिरवत राहिला. मग मला म्हणाला, "रेमेई, दार लाव." मी लावलं.

"ते झाड माझी खूण आहे."

जासिंतने हातातला चमचा खाली ठेवला. "बाकाची?"

"एक. दुसरी विचारू नकोस."

"नाही विचारणार."

"शपथ घे."

टेबलावर पाव होता. जासिंतने त्यावर हात ठेवला. "दुसरी खूण मी तुला कधी विचारणार नाही." आमच्याकडे पाव खाली पडला तर उचलून त्याचं चुंबन घेतात, पावावर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही. बाल्दिरीचा चेहरा सैल पडला. मी त्याला वाइन ओतली, ती त्याने बसून प्यायली. जमिनीवर, चार भिंतींत, त्याने अर्धी खूण बोलून दाखवली होती. पण ती आपल्या माणसाला. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि जासिंत बोलला, झकास बोलला. म्हणाला, परदेशी लोक अशा एकट्या पाइनचे फोटो काढायला तडफडतात. झाड नसलेला कट्टा म्हणजे नुसता बसथांबा. कट्टा वीस पावलं डावीकडे सरकला. पाइन राहिला. त्या शुक्रवारी आकड्याला मासा नव्हता, दोन शेवंडी होत्या, अजून मिश्या हलवणाऱ्या.

तो सगळा हिवाळा जासिंत गुणगुणत असे. मला वाटलं, माणूस आनंदात आहे.

वसंतात कळलं की त्याने बाहेरच्या दोघांबरोबर भागीदारीत एक बोट घेतली आहे. पांढरी, तीस खुर्च्यांची, आणि तिच्या तळाला काच. बसल्या जागी समुद्राचा तळ दिसतो. नाव ‘सिरेना’. ‘‘जगात कुठेही जा,’’ जासिंत म्हणायचा, ‘‘लोकांना पोहायचं नसतं, पोहल्यासारखं वाटायला हवं असतं.’’

२९ जून १९७२, गुरुवार. संत पीटरचा दिवस, कोळ्यांचा सण. सिरेनाची पहिली फेरी. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, तिघांचा बँड वाजला, पावावर अँचोवी, म्हणजे खारवलेले बारके मासे, ठेवून वाटले. जासिंतने बाल्दिरीला हाताला धरून अगदी पुढच्या खुर्चीवर बसवलं. "आजचा मान तुझा, मेव्हण्या." बाल्दिरीने इस्त्रीचा सदरा घातला होता. तो मी त्याला नाताळात दिलेला.

सुकाणूवर बाहेरगावचा माणूस होता. बोट टोकाला वळसा घालून बाहेर निघाली तेव्हा मला वाटलं, घंटेच्या गुहेकडे जाईल. गेली नाही. सगळे पाहुणे पायाखालच्या काचेत बघत होते, जिथे अजून नुसतं निळं होतं. बाल्दिरी काचेत बघत नव्हता. तो होडीत बसला की नेहमी जमिनीकडे बघत असे. मी त्याच्याकडे बघत होते.

त्याची मान हळूहळू चर्चकडे वळली. चढावरचा पाइन सरकत सरकत चर्चच्या दारावर येऊन उभा राहिला. मग त्याची मान झटक्यात दुसरीकडे गेली. गावासमोर पाण्यात दोन खडक आहेत, त्यांना आम्ही बहिणी म्हणतो. त्यांच्यामधल्या फटीत गावातला घंटेचा मनोरा येऊन बसला, भोकात खुंटी बसावी तसा. सुकाणूवाल्याने इंजिन बंद केलं.

खाली काचेत बाक होता. मी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. लाल पंखे हलत होते. तपकिरी, थोराड हेकरू वर तोंड करून बोटीकडे पाहत होते, कारण त्यांना घाबरायला कोणी शिकवलंच नव्हतं. लोक गुडघ्यांवर बसून टाळ्या वाजवत होते. जासिंत कर्ण्यातून काहीतरी सांगत होता. एक बाई ओरडली, "अहो, तो म्हातारा मासा बघा, आपल्याकडेच बघतोय!"

बाल्दिरीने जासिंतकडे पाहिलंही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. बाबा गेल्यावर ती दुसरी खूण फक्त त्याच्यापाशी होती. आणि ती मिळाली त्या दिवशी होडीत तिसरं माणूस होतं.

"तू गात नव्हतीस," तो म्हणाला.

एवढंच. परत येईपर्यंत तो हात मांडीवर ठेवून बसला होता आणि कोणी अँचोवी पुढे केले तर "नको, आभारी आहे" म्हणत होता.

घरी येऊन मी सरळ माळ्यावर गेले. माझ्या वह्या वर्षावर्षांच्या गठ्ठ्यांत बांधलेल्या असतात, सिस्टर असुम्प्ताने शिकवलेल्या दुहेरी गाठीने, जी सोडायला नखं लागतात. छत्तीसच्या गठ्ठ्याला बुटाच्या नाडीसारखी फुलाची गाठ होती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मीच जासिंतला हसत हसत सांगितलं होतं, बाबांनी मला कसं डोळे मिटून गायला लावलं ते. त्याच्या लक्षात राहिलं होतं.

तो खाली कोट काढत होता.

"वाचलंस?"

"वाचलं," तो म्हणाला. "तेव्हापासून अक्षर सुंदर आहे तुझं."

"पावावर हात ठेवला होतास."

"विचारणार नाही म्हणालो होतो. विचारली का त्याला? एकदा तरी?"

तो जवळ आला. तो वाईट बोलत नव्हता, समजावत होता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. "रेमेई, नीट विचार कर. त्याला मूल नाही, बाळ नाही. उद्या हृदय बंद पडलं तर बाक कोणाचा? कोणाचाच नाही. आता गावाचा झाला."

"गावाला दिला कोणी?"

"तू," जासिंत म्हणाला. "बारा वर्षांची असताना."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आकडा रिकामा होता. मी बाल्दिरीच्या होडीघरात गेले. तो जमिनीवर बसून गळांची दोरी नीट करत होता.

"मी सांगितलं नाही कोणाला," मी म्हणाले. "लिहिलं होतं. तेव्हाच. त्याने काढून वाचलं."

"का लिहिलंस?"

"सिस्टर म्हणायच्या, घडलं ते लिहायचं."

"आणि बाबा काय म्हणाले होते?"

"गा म्हणाले होते."

त्याने एक गळ बांधला, दोरी ओढून पाहिली. "जासिंतचं मला काही वाटत नाही. तो तसाच आहे, आणि झाडाचं मी मूर्खासारखं स्वतः सांगितलं. पण दुसरी खूण माझ्या जिभेवर कधी आली नाही, पोरी. लढाईत नाही, तापात बडबडलो तेव्हा नाही. आणि ती छत्तीस वर्षं तुझ्या माळ्यावर होती. दोरीत बांधून."

मी म्हणाले, जाळून टाकते सगळ्या वह्या. तो म्हणाला, "आता कशाला?"

त्यानंतर आमच्यात भांडण असं झालंच नाही. रस्त्यात भेटलो की "काय रेमेई", "काय बाल्दिरी". नाताळला तो यायचा, जेवायचा, ताट स्वच्छ करायचा, जासिंतच्या विनोदांना हसायचासुद्धा. फक्त शुक्रवारी मासा आला नाही. मी बाजारातून आणायला लागले. आकडा तसाच राहिला. त्याला मी कधी कधी लसणाची माळ अडकवायचे.

बाकाचं काय झालं ते गावाने पाहिलं. दुसऱ्या उन्हाळ्यात बंदुकीसारखे भाले घेतलेले पाणबुडे आले; त्यांनाही आता पाइन आणि मनोरा ठाऊक होते. कुत्र्यासारखे माणसाळलेले ते हेकरू भाल्याच्या टोकापर्यंत स्वतःहून येत. चौथ्या वर्षी काचेतून नुसता खडक आणि मोडलेले पंखे दिसायचे, आणि जासिंत बारकी मासळी गोळा व्हावी म्हणून पावाचे तुकडे टाकायचा. १९७९ साली सिरेना दुसऱ्या गावाला विकली. पाइन अजून आहे. प्रत्येक दुकानात त्याचं कार्ड मिळतं. बाल्दिरी पाहुण्यांना घेऊन त्या वाटेने जायचा तेव्हा अख्ख्या टोकावरची सगळ्यात गार सावली तिथे असूनही तो थांबायचा नाही. कोणी म्हणालं, इथे बसू या, तर म्हणायचा, "मुंग्या आहेत."

मी लिहिणं सोडलं नाही. सोडता येईना. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एकदा मी लिहिलं, झोपायच्या खोलीच्या खिडकीची बिजागरी निखळली आहे. बोलले कोणालाच नव्हते. दोन दिवसांनी जासिंतने बिजागरी बसवली. मग मी मुद्दाम लिहिलं, ऑलिव्हच्या तेलाचा डबा संपत आला. डबा आला. मी त्याला काही म्हणाले नाही. तेव्हापासून मी हवा, जेवण, धुणं आणि मोडतोड एवढंच लिहीत आले.

बाल्दिरी १९८६ च्या जानेवारीत गेला, झोपेत, पासष्ट वर्षांचा होऊन. त्याच्या सव्वादोन वर्षं आधीचा एक दिवस सांगायचा राहिला आहे.

ऑक्टोबर १९८३, तेरा तारीख, गुरुवार. हवा काचेसारखी होती. पुढच्या सोमवारी गिरोनाच्या दवाखान्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. जेवणं आटोपून जासिंत कॅफेत पत्ते खेळायला गेला होता. मागचं दार वाजलं. बाल्दिरीने ते दार आयुष्यात पहिल्यांदा वाजवलं.

"वल्हं मारता येतं का अजून?"

"एकोणसाठ वर्षांची आहे मी."

"ते नाही विचारलं."

मी एप्रन काढला आणि गेले. बंदराबाहेर येईपर्यंत इंजिन, मग त्याने ते बंद केलं आणि मला एक वल्हं दिलं. डॉक्टरांनी त्याला जोर लावायला मनाई केली होती. तो लावत होता. आम्ही बाकाकडे जात नव्हतो. भलतीचकडे जात होतो.

त्याने हात वर केला तशी मी थांबले आणि सवयीने विचारलं, "डोळे मिटू?"

"नको. उघडे ठेव. आणि गाऊ नकोस. आवाज गेलाय तुझा."

त्याने मला जमिनीवरच्या दोन गोष्टी दाखवल्या, मग दुसऱ्या बाजूच्या दोन. प्रत्येकीचं नाव एकदाच घेतलं. मग म्हणाला, "आता तू म्हण." मी म्हटलं. त्याने काचेच्या बुडाची बादली पाण्यात दाबून माझ्याकडे सरकवली. मी वाकून बघितलं. खाली एक खडक होता, लहानसा, एका कडेला लाल पंखे, आणि कपारीतून एक हेकरू वर बघत होता.

"हा मला सापडला," बाल्दिरी म्हणाला. "बासष्ट साली. बाबांना ठाऊक नव्हता. बाकाएवढा नाही."

"मला का दाखवतोस?"

"दुसरं कोण आहे मला?"

मी वल्हं धरून बसले. मग न राहवून विचारलं, "म्हणजे माफ केलंस?"

"नाही," तो म्हणाला. त्याने बादली उलटी करून झटकली. "त्याचा याच्याशी संबंध नाही. कोणाला तरी ठाऊक असायला हवं. मी एकटाच ते घेऊन ऑपरेशनच्या टेबलावर आडवा पडणार नाही."

परतताना टोकाजवळ आल्यावर त्याने विचारलं, "लिहिणार?"

"नाही."

"बघू," बाल्दिरी म्हणाला.

ऑपरेशन झालं, तो बरा झाला, त्यानंतरचे दोन उन्हाळे त्याने पाहुण्यांना पायवाटेने फिरवलं. मी लिहिलं की नाही हे त्याने मला कधी विचारलं नाही, आणि शुक्रवारचा मासा पुन्हा आला नाही. जासिंतही जाऊन आता दहा वर्षं झाली. मी ऐंशीला आले आहे. त्या चार नावांतलं एकही मी कुठे लिहिलेलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही.

होडीतून आम्ही परतलो त्या गुरुवारी दिवे लागायच्या सुमाराला जासिंत घरी आला. "दुपारी कुठे होतीस?"

"धक्क्यावर. हवा खायला."

त्याने माझ्या ओल्या चपलांकडे बघितलं. दाराशी ठेवल्या होत्या, दोरीच्या तळव्यांतून पाणी गळत होतं. मी कांद्याचं ऑम्लेट केलं. जेवण झाल्यावर तो वर्तमानपत्र घेऊन समोर बसला आणि मी वही उघडली. त्याचं पान उलटत नव्हतं. मी तारीख घातली. वारा नाही, आकाश स्वच्छ, असं लिहिलं. मग त्याखाली, नेहमीच्याच अक्षरात, लिहिलं: स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे, वायसर बदलायला हवा.